शाळेतलं जेवण आणि घरची ओढाताण : कोल्हापूरच्या पालकांचे आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

'खिचडी', 'पोषण आहार', 'शाळेतला भात' अशी नावं वेगवेगळी घेतली जातात, पण योजना एकच आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला ती राष्ट्रीय योजना म्हणून सुरू झाली. त्या काळी हजेरी भरली की महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिल्यावर शाळांत चुली पेटल्या. २०२१ पासून तिचं सरकारी नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असं आहे. करवीरपासून चंदगडपर्यंत पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि नवे मुख्याध्यापक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

हे जेवण कुणाला मिळतं? रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो का?

नाही. दाखला, कार्ड, अर्ज यांतलं काहीच लागत नाही. जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका आणि अनुदानित खासगी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या प्रत्येक दिवशी एक वेळचं गरम जेवण फुकट मिळतं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ५ ने तो मुलाचा हक्क ठरवला आहे. शाळेला जोडलेल्या बालवाटिकेतली (पहिलीच्या आधीच्या वर्गातली) मुलंही यात येतात. शनिवारी सकाळची शाळा असली तरी जेवण असतंच.

नववी-दहावीची मुलं यात बसत नाहीत. विनाअनुदानित खासगी शाळेत शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांनाही हे जेवण नाही. फी माफ झालेल्या शाळेत डबा मात्र घरूनच न्यावा लागतो, हे प्रवेश घेताना बऱ्याच आई-वडिलांच्या लक्षात येत नाही.

आमच्या घरी खायला-प्यायला आहे. आमच्या मुलानं कशाला गरिबांच्या वाट्याचं खायचं?

हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला जातो, पण परिणाम उलटा होतो. तुमच्या मुलाने न खाल्ल्याने दुसऱ्याचं ताट वाढत नाही, कारण धान्य आणि पैसे जेवणाऱ्या मुलांच्या संख्येवर मिळतात. उलट पाच-सहा मुलं वेगळी बसून स्टीलचे डबे उघडायला लागली की बाकीच्यांच्या ताटातला भात 'गरिबांचा भात' होतो. मग पाचवी-सहावीतली पोरगी, जिची आई पहाटे पाचला भांगलणीला गेलेली असते आणि जिने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेलं नसतं, तीही 'मला भूक नाही' म्हणायला लागते. या वयातली मुलं उपाशी राहणं पत्करतात, लाज पत्करत नाहीत.

म्हणून एक कळकळीची विनंती. डबा द्यायचा असेल तर भाकरी, चपाती, कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी असं जोडीला द्या आणि मुलाला पंगतीतच बसू द्या. सगळे एकत्र जेवत असतील तर कोण गरजू आणि कोण नाही हे ओळखू येत नाही, आणि ते ओळखू येऊच नये. शिक्षकांपैकी एकजण त्याच पंगतीला बसला तर फारच बरं.

एका मुलाला किती अन्न मिळायला हवं?

पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच प्रमाण १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम होतं. यातून लहान गटाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं आणि मोठ्या गटाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा आहे. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत. १०० ग्रॅम तांदळाचा शिजून साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो.

पडताळणी सोपी आहे. समजा आज पहिली ते पाचवीची ८७ मुलं जेवली. तर कोठीतून ८ किलो ७०० ग्रॅम तांदूळ, १ किलो ७४० ग्रॅम डाळ, ४ किलो ३५० ग्रॅम भाजी आणि ४३५ ग्रॅम तेल निघायला हवं. समितीच्या सदस्याने महिन्यातून दोनदा न सांगता साडेदहाच्या सुमारास जाऊन काट्यावर एवढं बघितलं तरी पुरे. सगळ्यात आधी कमी पडते ती भाजी. ८७ मुलांना दोन कांदे, चार टोमॅटो आणि एक बटाटा घातलेली खिचडी पिवळी दिसते, पण तिच्यात माळवं नसतं.

हिशेबात नेहमी होणारी चूक म्हणजे सकाळची हजेरी आणि दुपारी जेवलेली मुलं हे दोन आकडे एकच धरणं. नोंद जेवलेल्यांची करायची. रोजच्या ऑनलाइन नोंदीत हजेरीचाच आकडा चढवत गेलात, तर काही महिन्यांनी कागदावरचा तांदूळ संपतो आणि कोठीत पोती उरतात, किंवा त्याच्या नेमकं उलट होतं.

एका जेवणाला सरकार किती पैसे देतं?

तांदूळ केंद्राकडून मोफत येतो. बाकी साहित्य आणि शिजवण्याच्या खर्चासाठी मे २०२५ पासून पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे असा दर आहे. यातले ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्य. ग्रामीण भागात डाळ, कडधान्य, तेल, मसाला, मीठ पुरवठादाराकडून येतं. इंधन आणि भाजीपाल्याचा वाटा शाळेला मिळतो.

वरच्या ८७ मुलांचे दिवसाचे सगळे मिळून ५८९ रुपये ८६ पैसे होतात. त्यातून डाळ-तेल वजा केलं की गॅस आणि भाजीला काय उरतं, याचा अंदाज रोज बाजार करणाऱ्या कुठल्याही आईला येईल. पट जितका कमी तितकी अडचण मोठी. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या धनगरवाड्यांवरच्या बारा-पंधरा पटाच्या शाळेत भाजीचे पैसे मोजकेच येतात, पण ती आणायची वाट तेवढीच लांब असते. तिथे परसबाग हाच खरा आधार आहे. शेवगा, कढीपत्ता, दुधी, घेवडा, लाल माठ लावा. शेवग्याची दोन झाडं जगली की वरणात पाला घालायला विकत काही आणावं लागत नाही.

तांदळात प्लॅस्टिकचे दाणे आहेत, पाण्यावर तरंगतात. मुलांना द्यायचा की नाही?

द्यायचा. ते प्लॅस्टिक नाही, गुणसंवर्धित तांदूळ आहे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्राने दाण्याचा आकार देतात आणि साध्या तांदळाच्या १०० दाण्यांत असा एक या प्रमाणात मिसळतात. हे दाणे थोडे पिवळसर, गुळगुळीत आणि हलके असतात, म्हणून धुताना काही वर येतात. खात्री करायची तर असे दहा दाणे वेचून वाटीत शिजवा आणि बोटाने दाबा. भातासारखेच चुरतात. प्लॅस्टिक चुरत नाही, विरघळतं किंवा जळतं.

नुकसान कुठे होतं, तर तांदूळ निवडताना हेच दाणे खडे समजून बाजूला काढले जातात, नाहीतर पाण्याबरोबर ओतून दिले जातात. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेच मोरीत जातं. स्वयंपाकीताईंना एकदा दाणे हातावर घेऊन दाखवा. तांदूळ दोन पाण्यांनी धुवा, वर आलेले दाणे गाळणीवर धरून परत भगुण्यात टाका आणि भाताची पेज काढून टाकू नका.

खिचडी कधी करपते, कधी मधे कच्ची राहते. काय चुकतं?

बहुतेक वेळा भगुणं आणि आच यांचं गणित चुकतं. शंभर मुलांची खिचडी म्हणजे १० किलो तांदूळ, २ किलो मूगडाळ, ५ किलो भाजी आणि ३० ते ३५ लिटर पाणी. एवढा ऐवज पातळ बुडाच्या भांड्यात मोठ्या आचेवर ठेवला की खाली लागतो आणि वर तांदूळ टचटचीत राहतो. जाड बुडाचं भगुणं नसेल तर दोन लहान भांड्यांत करा.

क्रम असा ठेवा. मूगडाळ अर्धा तास भिजवा. पाणी वेगळं उकळत ठेवा. तेलात मोहरी, जिरं, कांदा, लसूण, मग हळद आणि कांदा-लसूण मसाला. मसाला शेवटी आणि आच कमी करून, नाहीतर तो जळतो आणि सगळी खिचडी कडवट होते. त्यावर गाजर, बटाटा, फ्लॉवर यांसारखी शिजायला वेळ घेणारी भाजी, मग डाळ-तांदूळ परतून उकळतं पाणी. गार पाणी घातलं की उकळी यायला वीस-पंचवीस मिनिटं जादा जातात, आणि तेवढ्यात तळाचा तांदूळ फुगून बसतो. मीठ पाव किलोच्या आसपास घाला, पण एकदम नको. दोनदा घालून चाखा. उकळी आली की लांब दांड्याच्या उलथन्याने तळापासून दोनदा हलवा, मग झाकण ठेवून मंद आच. शेवटची दहा मिनिटं गॅस बंद ठेवून वाफेवर. पालक, मेथी, कोथिंबीर याच वेळी घाला.

वाढायला एकच ओगराळं ठरवून ठेवा आणि त्यात किती ग्रॅम भात बसतो ते एकदा तोलून बघा. नाहीतर पहिल्या रांगेला भरभरून आणि सातवीच्या शेवटच्या मुलांना खरवड असं होतं. खरं म्हणजे जास्त भूक मोठ्या मुलांनाच असते.

मटकीला मोड येत नाहीत, वास येतो.

मटकी आठ ते दहा तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, ओल्या सुती फडक्यात बारा तास तरी बांधून ठेवावी लागते. पावसाळ्यात आणि थंडीत जास्त वेळ लागतो. पाणी नीट निथळलं नाही की ती चिकट होते आणि आंबूस वास येतो; अशी मटकी सरळ टाकून द्या. सोमवारी उसळ ठेवू नका, कारण शनिवारी दुपारी भिजवलेली मटकी सोमवारपर्यंत बिघडते आणि रविवारी शाळा उघडायला कुणी नसतं. बुधवार-गुरुवार बरे. आणि वजन कोरड्या मटकीचं धरायचं. दोन किलो मटकी मोड आल्यावर चार किलोच्या वर भरते. मोड आलेली मटकी काट्यावर ठेवून मुलामागे २० ग्रॅम मोजली तर मुलाला निम्मीही मिळत नाही.

कोल्हापूरची पोरं भाकरी खाणारी. रोज तांदूळच का?

कारण योजनेत धान्य म्हणून तांदूळ येतो, आणि शंभर मुलांच्या भाकरी थापायला लागणारे हात आणि वेळ दोन बायकांकडे नसतात. पण जोडीला भाकरी आणायला कुणाची मनाई नाही. आठवड्यातला एक दिवस 'भाकरी घरून, उसळ शाळेची' असा समितीने ठरवला तर मुलं उसळ चाटून-पुसून खातात. ज्याच्या घरून भाकरी येणार नाही त्याच्यासाठी चार-सहा जादा भाकरी कुणीतरी आणायच्या, आणि त्या एकाच टोपलीतून सगळ्यांना वाढायच्या. एवढी काळजी घेणार नसाल तर तो बेत करू नका.

अंडी सुरू झाली होती, ती बंद का झाली?

नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने आठवड्यातून एक अंडं आणि न खाणाऱ्याला केळं सुरू झालं. जून २०२४ मध्ये पंधरा पदार्थांची यादी आली. तिच्यात अंडा पुलाव, गोड खिचडी, नाचणीसत्त्वही होतं. जानेवारी २०२५ नंतर अंडी-साखरेसाठी वेगळा पैसा मिळणं थांबलं आणि हे पदार्थ लोकसहभागातून द्या असं सांगण्यात आलं. ज्या गावात दूधसंस्था, तालीम मंडळ, सेवा सोसायटी पुढे येते तिथे मुलांना अंडं मिळतं. ज्या वाडीत देणारा कुणी नाही तिथे मिळत नाही, आणि अंड्याची सगळ्यात जास्त गरज त्याच वाडीला असते. हा निर्णय चुकला असं आमचं स्पष्ट मत आहे.

गावातून मदत करायची तर कशी?

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी अशा निमित्ताने तिथीभोजन देता येतं. मुख्याध्यापकांना आठवडाभर आधी सांगा. जिलेबी-बुंदीपेक्षा अंडी, केळी, शेंगदाण्याचा लाडू, दूध द्या. घरी केलेलं अन्न आणण्यापेक्षा कोरडं साहित्य शाळेत देऊन तिथेच शिजवून घेणं सुरक्षित. रोजच्या जेवणाऐवजी नको, जोडीला हवं. फोटो काढताना मुलांच्या हातात ताट देऊन उभं करू नका.

मात्र मीठ, गॅस, भांडी यासाठी पालकांकडून सक्तीची वर्गणी घेता येत नाही. कुणी खुशीने दिलं तर पावती द्या.

पोती उतरवून घेताना काय बघायचं? आणि पुराचं काय?

पोतं तोलूनच घ्या. बारदानाचं वजन सोडून आत पन्नास किलो भरायला हवं. गाडीवाला घाईत असतो, 'सही करा, पुढच्या शाळेत जायचंय' म्हणतो. घाई असली तरी काटा लावा, कमी भरलं तर चलनावर तिथेच तेवढा आकडा लिहा आणि मग सही करा. मागाहून केलेल्या तक्रारीला काही अर्थ राहत नाही. तेलाच्या पिशवीवरची मुदत बघा, पोत्यात मूठ घालून ओल आणि वास बघा.

कोठीत पोती जमिनीवर नकोत. फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब. आधी आलेलं आधी वापरा. सोंडे झाले तर चाळून, निवडून घ्या. फार झाले असतील तर पोतं बदलून मागा. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या शाळेच्या कोठीत कधीही ठेवू नका, एकही नको. फवारणीचं औषध, फिनेल, त्यांचे रिकामे डबे हेही कोठीत नकोत.

शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या नदीकाठच्या शाळांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला पोहोचलं की पोती वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या शाळेत हलवा. ४३ ची वाट बघितली तर ट्रॅक्टरही मिळत नाही. पुराच्या पाण्यात भिजलेला तांदूळ वाळवून वापरायचा नाही, तो कितीही चांगला दिसला तरी. त्यात सांडपाणी आणि शेतातली औषधं उतरलेली असतात. पंचनामा करा, फोटो काढा, पंचायत समितीला कळवा. शाळेत पूरग्रस्तांची सोय केली असेल तर त्यांच्या स्वयंपाकाचा शिधा आणि मुलांचा साठा यांचे हिशेब वेगळे ठेवा.

अन्न सुरक्षित आहे हे कसं कळणार?

मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी ते खायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं. 'चांगली' एवढा एकच शब्द तीस दिवस लिहिलेली वही आम्हाला नेहमी खटकते. मीठ कमी, डाळ कच्ची, असं लिहिलेली वही खरी. हा नियम कोरडा नाही. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजवलेलं अन्न खाऊन २३ मुलं गेली.

रोजच्या अन्नाचा थोडा नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात २४ तास ठेवा. पाण्याची टाकी महिन्यातून एकदा तरी घासून धुवा. शहरात जिथे अन्न केंद्रीय स्वयंपाकघरातून गाडीने येतं तिथे उतरतानाच झाकण उघडून हात धरा. वाफ चांगली भाजायला हवी. कोमट आलेला भात बराच आधी शिजवलेला असू शकतो आणि धोका त्यातच असतो.

मुलांना उलट्या, पोटदुखी सुरू झाली तर: वाढणं ताबडतोब बंद, १०८ ला फोन, उरलेलं अन्न टाकून न देता झाकून बाजूला, कुणी काय आणि किती वाजता खाल्लं त्याची यादी, मग पालक आणि गटशिक्षणाधिकारी. घाबरून भांडी घासून टाकू नका, नाहीतर कारण कधीच कळत नाही.

स्वयंपाकीताईंना किती मिळतात? किती जणी असाव्यात?

२५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० ला दोन आणि पुढच्या प्रत्येक शंभरामागे आणखी एक. मानधन २०२३ पासून महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. सकाळी नऊ-साडेनऊला येऊन धान्य निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, झाडणं यात दुपारचे तीन वाजतात. ऊस भांगलायला गेलं तर मजुरी याहून जास्त मिळते. तरी त्या येतात, कारण बहुतेकींची पोरं त्याच शाळेत असतात. त्यांच्याकडून टापटीप हवी असेल तर आधी त्यांना ॲप्रन, डोक्याला फडकं, साबण आणि नळाचं पाणी द्या.

'अमक्या जातीच्या बाईनं शिजवलेलं आमची मुलं खाणार नाहीत' असं कुणी म्हटलं तर?

ऐकून घ्यायचं नाही. स्वयंपाकी बदलायची नाही आणि पंगतही वेगळी करायची नाही. मुख्याध्यापकांनी समितीची बैठक बोलावून त्या पालकांना समोरासमोर सांगावं, आणि शिक्षकांनी त्याच बाईच्या हातचं पहिलं ताट घ्यावं. तरी प्रकार सुरू राहिला तर तो कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगा. दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, ते याच शहरात. सप्टेंबर १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेही याच संस्थानात, आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता.

ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरची मुलं आमच्या पटावर नाहीत. त्यांना जेवण द्यायचं का?

हो, आणि नुसतं जेवण नाही, प्रवेशही द्यायचा. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना भागातून टोळ्या येतात आणि गाळप संपेपर्यंत कारखान्यांच्या आसपास खोपी घालून राहतात. शिक्षणहक्क कायद्याने शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयानुसार वर्गात बसवावं लागतं. गावाकडून शिक्षण हमी कार्ड आणलं असेल तर उत्तमच. आधारकार्ड नाही म्हणूनही ताट नाकारता येत नाही. नाव दाखल करा, त्या दिवसापासून जेवणाऱ्यांत धरा. पट वाढला तर पुढच्या मागणीत तो आकडा द्या. तोवर शिल्लक साठ्यातून भागवा.

त्यांच्या आई-वडिलांना एक गोष्ट जरूर सांगा. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी अंगठा लावून इथल्या दुकानात धान्य मिळतं. बऱ्याच टोळ्यांना हे माहीत नसतं आणि ते दुकानातून महाग तांदूळ विकत घेत राहतात.

एखादं मूल घरी उपाशी राहतंय हे कसं ओळखायचं?

सोमवारकडे बघा. जे मूल सोमवारी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भात मागतं आणि गुरुवारी नीट एका वाढपात उठतं, त्याचा शनिवार-रविवार कसा गेला असेल ते समजा. परिपाठाला चक्कर येणं, अकराच्या सुमारास पोट दुखतंय म्हणणं, जेवणाच्या सुट्टीआधी सारखं घड्याळ बघणं, ज्या दिवशी जेवण नाही त्या दिवशी गैरहजर राहणं, या खुणा आहेत. इचलकरंजीत यंत्रमाग बंद राहिले, कामगारांच्या हाताला काम नसलं की वर्गात ते आठवडाभरात दिसतं.

वर्गासमोर विचारू नका. दुपारी काही काम सांगून बाजूला घ्या, संध्याकाळी घरी जाऊन या. ताटात जादा वाढायला हिशेबाची भीती बाळगू नका. रोज कुणी ना कुणी कमी खाणारं असतंच.

काही मुलं भात पिशवीत भरून नेतात, धाकट्या भावंडासाठी. ओरडू नका, आणि पिशवीही हिसकावू नका. पण दमट हवेत खिचडी संध्याकाळपर्यंत खराब होते, म्हणून भावंडाची सोय वेगळी बघा: तीन ते सहा वर्षांचं असेल तर अंगणवाडीत नाव घाला, तिथे गरम आहार मिळतो, सहा पूर्ण असेल तर पहिलीत.

जेवणाशिवाय अशा घरासाठी आणखी काय मिळू शकतं?

पहिलं रेशन. ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपयांच्या आत असेल तर प्राधान्य कुटुंबाच्या यादीत माणशी महिन्याला पाच किलो धान्य मोफत. अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. लग्न होऊन आलेली सून, जन्मलेलं मूल यांची नावं कार्डावर चढलेली नसतात, तिथे धान्य बुडतं. तहसील कार्यालयात पुरवठा शाखेकडे अर्ज करा.

आई किंवा वडील नाहीत, किंवा एकटी बाई पोरं सांभाळते अशा घराला बालसंगोपन योजनेतून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. हा अर्ज शिक्षकांनी स्वतः बसून भरून द्यावा, कारण मृत्यूचा दाखला, रहिवास, बँक खातं यांच्या फेऱ्यांत मजुरी बुडते म्हणून बायका तो अर्ध्यावर सोडतात.

आठवीत एनएमएमएस (गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) परीक्षेला बसवा. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे नेमके शाळेतलं जेवण बंद होतं तेव्हापासून. जंताची गोळी आणि आठवड्याची लोहगोळी चुकवू नका. पोटात जंत असतील तर घातलेलं अन्न अंगी लागत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काय?

एरवी जेवण नसतं. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात मात्र सुट्टीतही द्यावं असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत आपल्या जिल्ह्यातले हातकणंगले आणि गडहिंग्लज होते, म्हणून हे लक्षात ठेवा.

चार दिवस झाले, शाळेत जेवणच नाही. तांदूळ आला नाही म्हणतात.

या योजनेच्या २०१५ च्या नियमांनुसार धान्य, पैसे, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्याने जेवण बंद राहिलं तर त्या दिवसांचं धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाइतके पैसे अन्न सुरक्षा भत्ता म्हणून मुलाला पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळायला हवेत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस बंद राहिलं तर जबाबदारी ठरवून कारवाई करावी लागते. शिवाय साहित्य किंवा पैसे संपले म्हणून मुख्याध्यापकांना हात बांधून बसायची गरज नाही. शाळेच्या खात्यातला दुसरा निधी तात्पुरता वापरून जेवण चालू ठेवायची मुभा त्याच नियमांत आहे. बऱ्याच मुख्याध्यापकांना ती माहीत नसते किंवा लेखापरीक्षणाच्या धाकाने ते ती वापरत नाहीत. समितीने ठराव करून दिला तर त्यांना बळ येतं.

तक्रार कुठे करायची?

आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असायला हव्यात, तेव्हा तुमच्या गल्लीतलं कुणीतरी तिथे असतंच. तिथे निकाल लागला नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले पोषण आहाराचे अधीक्षक आणि गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). कोल्हापूर महापालिकेच्या शाळेसाठी प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी.

तोंडी सांगू नका. एका कागदावर तारीख, जेवलेली मुलं, किती डाळ-भाजी निघाली आणि किती निघायला हवी होती एवढं लिहा, दोन-तीन पालकांच्या सह्या घ्या, पोच घ्या. 'जेवण निकृष्ट आहे' या वाक्यावर कुणी काही करत नाही. '१२ तारखेला ६४ मुलांना १ किलो २८० ग्रॅमऐवजी ६०० ग्रॅम डाळ वापरली' या वाक्याला उत्तर द्यावं लागतं. साठा नोंदवही आणि चलनं दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. अर्जात मुलाचं नाव घालायची गरज नाही, आणि घालूही नका. त्याला उद्या त्याच वर्गात बसायचं आहे.